हीट राव आणि त्यांचा बंब

ऐन एप्रिलात, टळटळीत दुपारी, मोटारीतला हीटर पुरता उघडून म्हैसूरच्या रिंग रोडवरून जाणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझं दुर्दैव असं की त्याच्या शेजारच्या सीटवर मीच बसले होते. गाडी लाल, बुटकी, दोनच सीटची. कापडी टप मागे दुमडलेला. वरून सूर्य आणि खालून हीटर, अशी मी दोन्ही बाजूंनी भाजून निघत होते. चपलांचे तळवे मऊ पडायला लागले तेव्हा धीर करून म्हटलं, "काका, हीटर बंद केला तर चालणार नाही का?"

"चालेल की," तापमानाच्या काट्यावरची नजर न काढता काका म्हणाले. "पण मग इंजिनाची बिसी कुठं जाईल, मा? तिला कुठंतरी जावंच लागतं. आपल्याला घाम तरी येतो. ह्या बिचारीला घाम येत नाही."

बिसी म्हणजे गरमी आणि 'मा' म्हणजे आपलं 'बाई', एवढं कन्नड तोवर मला समजायला लागलं होतं. इंजिनातलं उकळतं पाणी हीटरच्या नळ्यांतून फिरतं, पंखा त्यातली उष्णता आपल्या पायांवर फेकतो, आणि तेवढीच इंजिनाची तलखी कमी होते, असं ते शास्त्र. जुन्या गाड्या बाळगणारे सगळेच ही युक्ती जाणून असतात, म्हणे. फक्त ते ती घाटात, नाइलाज झाला की वापरतात. आमचे काका भाजी आणायला जातानासुद्धा वापरायचे.

हे काका म्हणजे माझे घरमालक. मिरजेहून नोकरीसाठी म्हैसूरला आले तेव्हा बोगादीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला आणि पुढची कैक वर्षं तिथेच राहिले. त्यांचे पणजोबा की खापरपणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत कधीतरी आले आणि इथलेच होऊन गेले. घरात सगळे मराठीच बोलत, पण वाक्य मराठीत निघायचं आणि कन्नडात पोचायचं. गल्लीतले लोक त्यांना 'हीट राव' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नोकरी कुठे, माणसं किती, मांसाहार करता का, असलं काही म्हणता काही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला.

"पाणी उकळायला ठेवतीस तेव्हा पातेल्यावर झाकण ठेवतीस का?"

"ठेवते," मी म्हटलं.

"आणि उकळलं की?"

"उकळलं की काढते."

"आयतु," म्हणजे झालं, ठरलं. "कधी येतीस राहायला?"

ते बाहेर गेल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "आधीचा माणूस बँकेत मॅनेजर होता. तो म्हणाला, झाकण विसरतो. ह्यांनी त्याला घर दिलं नाही, बघ."

काकांनी सगळी नोकरी पिरियापट्टणकडे तंबाखूच्या भट्ट्यांवर देखरेख करण्यात घालवली होती. तंबाखूची हिरवी पानं काठ्यांना बांधून एका उंच, बंद खोलीत टांगतात, बाहेरून जाळ करतात आणि जमिनीलगतच्या पत्र्याच्या नळ्यांतून उष्णता आत खेळवतात. ती बेताबेताने चढवायची असते. घाई केली की पान करपतं, चालढकल केली की डागाळतं. खोलीला थर्मामीटर लावलेला असायचा, पण काकांचा सगळा भरवसा आपल्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूवर. दाराला उलटा हात लावायचे आणि सांगायचे, आत काय चाललं आहे ते.

निवृत्त झाले तरी तो हात काही निवृत्त झाला नाही. इडलीला उलटा हात, दुपारी कंपाउंडच्या भिंतीला उलटा हात, नव्या फ्रीजच्या पाठीला उलटा हात. पाहुण्यांच्या कपाळालाही लावून बघायचे, आणि पाहुणे अवघडून बसायचे. मला एकदा सणकून ताप भरला तर काकूंच्या मागोमाग जिना चढून आले, उलटा हात माझ्या कपाळावर क्षणभर टेकवला आणि म्हणाले, "स्वल्प चढलाय. संध्याकाळी उतरतो बघ. खिडकी उघडी ठेव." संध्याकाळी ताप उतरला. ते काकूंच्या मिरीच्या सारानं उतरला असं काकूंचं म्हणणं होतं, आणि त्यावरून खाली दोघांचं बराच वेळ चाललेलं मला ऐकू येत होतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हीटला रस्ता पाहिजे, मा. रस्ता दिला की मुकाट जाते. अडवली की ठाण मांडून बसते." हे वाक्य ते कशालाही लावायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीला, शेजारच्या भावाभावांच्या भांडणाला, माझ्या साहेबांवरच्या रागाला. मी ऑफिसातून धुमसत घरी आले की फाटकातच गाठायचे. "काय झालं? बोलून टाक. रस्ता दे की." आणि मीही पायरीवर बसून सगळं ओकून टाकायची. दुसऱ्यांना असा सल्ला देणाऱ्या ह्या माणसाने स्वतःच्या पोटात एक गोष्ट वर्षानुवर्षं झाकण घट्ट लावून ठेवली होती, हे मला फार उशिरा कळलं.

आता गाडीबद्दल. ती विलायती बनावटीची होती आणि कोडगूकडच्या एका कॉफीमळेवाल्याने मागे राहिलेल्या इंग्रजांपैकी कुणाकडून तरी घेतली होती. त्याच्याकडून ती काकांकडे आली, काका तेव्हा तरुण होते. अशी गाडी दिसायला देखणी आणि स्वभावाने तापट. चपटं बॉनेट, आत खच्चून भरलेलं इंजिन, श्वास घ्यायला जागा नाही. काकू तिला 'बंब' म्हणत. "बंब पेटवला का आज?" असं विचारत.

ह्या बंबाला थंड ठेवण्यासाठी काकांनी जे जे केलं ते घरातल्या वस्तूंनी केलं. वाळत घातलेल्या कपड्यांचे लाकडी चिमटे एकेक करून नाहीसे व्हायला लागले. काकूंना आधी वाटलं माकडं नेतात. एकदा बॉनेट उघडं असताना मी डोकावले, तर पेट्रोलच्या बारीक नळीवर ते सगळे चिमटे ओळीने बसलेले, तारेवर चिमण्या बसाव्यात तसे. नळी तापली की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. लाकूड ती उष्णता पिऊन घेतं, असं काकांचं म्हणणं. खरं की खोटं देव जाणे. दारातलं काथ्याचं पायपुसणं गेलं, ते रेडिएटरच्या कडेच्या फटी बुजवायला. "वारा पुढून आला तर जाळीतूनच गेला पाहिजे, मा. बाजूनं पळ काढता कामा नये." गुलकंदाची प्लास्टिकची बरणी गेली. तिच्यात रेडिएटरमधून उतू जाणारं पाणी एका नळीने उतरायचं आणि इंजिन निवलं की परत वर ओढलं जायचं. त्या पाण्याला गुलाबाचा वास यायचा असं मी शपथेवर सांगू शकते. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली चकत्या घालून ते बोटभर उचलून ठेवलं होतं, म्हणजे आतली गरम हवा तिथून बाहेर पडेल. पुढचे दोन भलेमोठे जादा दिवे आणि भोंगा काढून टाकला होता, का, तर ते वाऱ्याच्या वाटेत उभे राहतात. धुराच्या नळीला पट्टी गुंडाळली होती, तिच्या आणि कार्बोरेटरच्या मध्ये डब्याचा पत्रा ठोकून आडोसा केला होता, आणि एक विजेचा पंखा बसवला होता, जो आपल्या मनाला येईल तेव्हा चालू व्हायचा. दुपारी झोपावं तर खालून तो पंखा घरघरायला लागायचा आणि मागोमाग काकांचा आनंदी आवाज यायचा, "नोड, नोड! सुरू झाला!" नोड म्हणजे बघ.

एवढं सगळं कशासाठी, असा प्रश्न मला पडायचा. काकांना शर्यती लावायच्या नव्हत्या, मोटारींच्या मेळाव्याला जायचं नव्हतं. गाडी आठवड्यातून एकदा बाहेर पडायची. शिवाय काकू तिच्यात कधीच बसत नसत. बाजारात जायचं तर काका बंबातून आणि काकू सिटी बसने. लग्नाला जायचं तर तसंच. दोघं एका घरातून निघायची आणि मंडपाच्या दारात भेटायची. नातेवाइकांना सवय झाली होती.

कारण मला काकूंनीच सांगितलं. अंगणात बसून त्या तांदूळ निवडत होत्या आणि समोर काका रेडिएटरची जाळी दात घासायच्या ब्रशने साफ करत होते. काकूंचं माहेर सोसल्याजवळ. आई तिथेच थोरल्या भावाकडे असायची. एका आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशी फोन आला, आईचं काही खरं नाही, ताबडतोब निघा. दोघं ह्याच गाडीतून निघाली. सणाची गर्दी, गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. नरसीपूरच्या रस्त्याला लागली आणि पुढे जाऊन भस्सकन वाफ सोडून उभी राहिली. पाणी शोधा, गाडी निवू द्या, पुन्हा भरा. पोचेपर्यंत आई गेली होती.

"हात गरम होता अजून," काकू म्हणाल्या. तांदळातला खडा त्यांनी उचलून बाजूला टाकला. "मी हातात घेतला तर गरम होता, मा. एवढ्यातच गेली म्हणाले."

तिथून परत येताना काकू बसने आल्या. गाडीत पुन्हा बसणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. काका दिवस-कार्य आटोपून घरी आले आणि सकाळी बॉनेट उघडून उभे राहिले. तेव्हापासून ते उभेच होते.

म्हणजे हे सगळं काकूंसाठी चाललं होतं. काकूंनी एकदा, फक्त एकदा, त्या गाडीत बसून सोसल्याला जावं आणि वाटेत बॉनेट उघडावं लागू नये, एवढीच त्या माणसाची आयुष्याकडे मागणी राहिली होती. दर विजयादशमीला सकाळी आंघोळ करून ते स्वयंपाकघराच्या दारात यायचे आणि विचारायचे, "सोसल्याला जाऊन येऊ या का? आता तापत नाही." काकू कढईतून डोकं वर न काढता म्हणायच्या, "तुम्ही व्हा पुढं. मी बसनं येते." मग काका अंगणात येऊन पुन्हा काहीतरी पिळत बसायचे. मला काकूंचा राग यायचा. म्हाताऱ्या माणसाचा एवढा जीव काय तोडायचा, असं वाटायचं. मी काकूंना एकदा तसं म्हटलंसुद्धा. त्या हसल्या आणि मला गरम आंबोडे, म्हणजे डाळवडे, दिले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आयुधपूजेला म्हैसुरात चाकं असलेली एकही वस्तू हारावाचून राहत नाही. बस, रिक्षा, सायकल, भाजीची हातगाडी, सगळ्यांच्या तोंडावर झेंडू-शेवंती आणि दोन्ही अंगांना केळीचे खुंट. आमची गाडी तेवढी वेगळी. काका तिची साग्रसंगीत पूजा करायचे, चाकांखाली लिंबं ठेवायचे, कोहळा फोडायचे, आणि हार मात्र मागच्या बंपरला बांधायचे. समोरचे निवृत्त हेडमास्तर दरवर्षी फाटकातून चिडवायचे, "काय रावसाहेब, देवीला पाठीमागून हार घालता?" काका म्हणायचे, "आमच्या देवीची पाठच देखणी आहे." मला हा त्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा वाटायचा. एवढ्या तऱ्हा असलेल्या माणसाच्या बाबतीत आपण एकेकाचं कारण शोधत बसत नाही.

एका वर्षी मी देवराज मार्केटमधून माझ्या दंडाएवढा जाड शेवंतीचा हार आणला. म्हटलं, ह्या वर्षी गाडीचा मुखडा सजवू या. जाळीसमोर उभी राहून मी हार नुसता धरून बघत होते, इतक्यात काकांनी तो मागून असा हिसकावला की दोरा तुटला आणि फुलं अंगणभर झाली. त्यांनी आधी माझ्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत काकू तळणात होत्या, तेलाचा आवाज येत होता.

"तिनं बघितलं काय?" काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नाही. का? काय झालं, काका?"

ते खाली बसले आणि फुलं गोळा करायला लागले. मीही बसले. फुलं वेचता वेचता, दाराकडे बघत बघत, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

"त्या वर्षी तिनं बांधला होता हार. आपल्या हातानं. एवढाच जाड. दोन बाजूला केळीचे खुंट, मधे आंब्याची डहाळी. गाडीचं तोंडच बंद. मी बघितलो, म्हटलं राहू दे, देवळापर्यंत तर जायचं आहे. मग फोन आला. त्या घाईत हार कुणाच्या लक्षात राहतो? आणि असता लक्षात, तरी सणाचा हार कोण काढतं?" त्यांनी एक फूल उचलून फुंकर घातली. "बॉनेट उघडलो तर जाळीत सगळी शेवंती. शिजली होती, मा. भाजीसारखा वास येत होता. ती खाली उतरायच्या आत ओढून काढलो, खुंटासकट उसात फेकलो. आणि तिला म्हटलो, रेडिएटर गेला."

"म्हणजे रेडिएटर गेला नव्हता?"

"त्याला काय धाड भरलीय? हार काढला, पाणी घातलं, सरळ गेली की पुढं."

मी बॉनेटकडे पाहिलं. "मग हे सगळं कशाला? चिमटे, पायपुसणं, पंखा?"

"काहीतरी बिघडलं होतं असं दिसायला नको?" काका म्हणाले, आणि किंचित ओशाळं हसले. "तशी जुनी गाडी, थोडी तापतेच. अगदीच खोटं नाही. पण तिला कळलं तर ती काय म्हणेल? माझ्याच हारानं आईची भेट चुकली म्हणेल. मरेपर्यंत म्हणेल. त्यापेक्षा गाडीला शिव्या दे की. गाडीला काय वाटत नाही."

हीटला रस्ता द्या म्हणून जगाला सांगत फिरणारा हा माणूस ती गोष्ट एवढी वर्षं एकटा पोटात घेऊन बसला होता. कुणाला कळू नये म्हणून बिघाड नसलेली गाडी रोज दुरुस्त करत होता, आणि ती दुरुस्त झाली आहे हे बायकोने मान्य करावं म्हणून दरवर्षी तिच्यापुढे उभा राहत होता. त्यानंतर काकूंकडे बघताना मला कसंतरीच व्हायचं. सांगून टाकावं असं कितीदा मनात आलं. पण ती गोष्ट माझी नव्हती.

पुढे काकांच्या नजरेचं दुखणं सुरू झालं. समोरचं नीट दिसायचं, पण कडा अंधारायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितली. काकांनी दसऱ्यापर्यंतची मुभा मागून घेतली, एखाद्या पोराने खेळाचा अजून एक डाव मागावा तशी. बंगळुरूचा एक जुन्या गाड्यांचा शौकीन सण झाला की गाडी न्यायला येणार, असं ठरलं. पंखा घरघरला तरी "नोड, नोड" असा आवाज येत नव्हता, आणि दुपारी मला झोप लागायची ती त्यामुळेच लागेनाशी झाली.

त्या वर्षीची विजयादशमी. शहर मिरवणूक बघायला राजवाड्याकडे लोटलं होतं, आणि बोगादीत सगळं सामसूम होतं. काका अंगणात गाडी पुसत होते. आज त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन काही विचारलं नव्हतं. मी वरच्या सज्जात कपडे वाळत घालत होते.

काकू बाहेर आल्या. अंगावर जांभळी रेशमी साडी, ठेवणीतली. हातात हार. शेवंतीचा, जाड. त्या सरळ गाडीच्या पुढच्या बाजूला गेल्या.

काकांच्या हातातलं फडकं थांबलं. वरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. एवढी वर्षं सांभाळलेलं सगळं आता ह्या शेवटच्या दिवशी सांडणार, असं त्यांना वाटलं असणार. काही बोलावं तर कारण सांगावं लागेल, न बोलावं तर हार जाळीवर जाईल.

काकू जाळीसमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. मग गाडीला वळसा घालून मागे गेल्या, वाकल्या, आणि हार मागच्या बंपरला बांधायला लागल्या.

"पुढं बांधू नये," गाठ मारता मारता त्या म्हणाल्या. भाजीत मीठ कमी आहे, हे ज्या आवाजात सांगत, त्याच आवाजात. "गाळी अडते."

गाळी म्हणजे वारा.

काका जागचे हलले नाहीत. काकूंनी गाठ ओढून बघितली, हात पदराला पुसले आणि पुढे येऊन म्हणाल्या, "सोसल्याला जाऊन येऊ या म्हणते मी. दार उघडता का?"

काकांनी दार उघडलं. काकू साडी सावरत, अवघडत, त्या बुटक्या गाडीत एकदाच्या बसल्या. काका दुसऱ्या बाजूने बसले. किल्ली फिरवली, पण गाडी पुढे नेईनात. चष्मा काढून पुसत राहिले. काकू समोर बघत होत्या. मग म्हणाल्या, "हीटर लावा."

काका जाऊन आता काही वर्षं झाली. मी म्हैसूरला गेले की काकूंकडे उतरते. गेल्या खेपेला न राहवून मी विचारलंच, त्यांना हाराचं कधी कळलं म्हणून.

"त्याच दिवशी," काकू म्हणाल्या. "खाली उतरले तर गाडीवर हार नाही. आणि ह्यांचे हात पिवळे. माझ्या समोर पाण्याचा डबा घेऊन आले, दोन्ही हात पिवळे, आणि म्हणतात रेडिएटर गेला. तोंड बघवत नव्हतं ह्यांचं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कशी बोलू? आधी काही वर्षं हिंमतच नव्हती. हार बघितला की आईचा हात आठवायचा. आणि नंतर..." त्यांनी आंबोड्यांचं ताट जवळ ओढलं. "हे रोज सकाळी उठून माझी चूक दुरुस्त करत होते, मा. मी गाडीत बसले असते तर दुरुस्ती संपली असती. मग दोघांना कधीतरी समोरासमोर बसून ते बोलावं लागलं असतं. ते बोलणं मला नको होतं. ह्यांनाही नको होतं. चिमटे गेले तर गेले."

काकूंनी माझ्या पानात आणखी एक आंबोडा वाढला.

त्या विजयादशमीला मात्र मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. मी दिवसभर आत-बाहेर करत होते. कामात लक्ष लागत नव्हतं. फोन वाजला की धावत जायची. वाटेत कुठे बंद पडली तर, आज पडली तर, ह्या एका विचाराने मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तो ओळखीचा आवाज आला, आणि लाल गाडी फाटकातून आत शिरली. मागे हाराचा दोरा आणि चारदोन फुलं लोंबत होती. दोघंही घामाने निथळत होती. काकूंचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं, आणि जांभळी साडी पाठीला चिकटली होती. त्यांच्या तोंडावर माहेरून आलेल्या मुलीचं हसू होतं.

काका उतरले आणि सवयीने पुढे आले. उजवा हात उलटा करून बॉनेटवर टेकवला. काकू दुसऱ्या बाजूने आल्या. त्यांनीही आपला हात उलटा केला आणि काकांच्या हाताशेजारी ठेवला. दोन्ही हात तिथे जरा वेळ तसेच होते.

"बिसी इल्ला," काकू म्हणाल्या. गरम नाही.

"इल्ला," काका म्हणाले. "अजिबात नाही."

दोघं हात धुवायला आत गेली. मग मी खाली जाऊन बॉनेटला हात लावून पाहिला, तर चटका बसला.